फलाटावर कोण उभं होतं?

आपल्या समाजात एक वाक्य फार लाडकं आहे. ‘आम्ही मुंगीलासुद्धा त्रास देत नाही.’ महावीर जयंतीला, लग्नात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, पाहुण्या आमदारासमोर, कुठेही हे वाक्य निघतं आणि सगळ्या माना डोलतात. मला या वाक्याचा आता वीट आलाय. मुंगीला त्रास न देणं सोपं आहे. मुंगी आपल्याकडे भाड्याने खोली मागायला येत नाही.

हे आज लिहायला बसले ते एका जुन्या फिल्ममुळे. तुम्हीही ती पाहिली असणार, तुकड्या-तुकड्यांत. काळा-पांढरा फलाट, मालगाडीचे डबे, गाठोडी घेतलेली माणसं, आणि दाराच्या फटीतून बाहेर बघणारी, डोक्याला कापड गुंडाळलेली एक मुलगी. डिचोली-पेडण्यातल्या आपल्या बायकांच्या मोबाईलवर हा तुकडा वर्षातून चार वेळा तरी फिरतो. कधी त्याच्याखाली गोव्यातल्या इन्क्विझिशनबद्दल लिहिलेलं असतं, कधी काश्मीरबद्दल, कधी ‘समाज एक झाला नाही तर असंच होणार’ असा धाक. मागे सारंगी. एका व्याख्यानात तर वक्त्याने गोव्यातल्या धर्मच्छळावर बोलता बोलता पडद्यावर हीच गाडी सोडली! सोळाव्या शतकात आगगाडी कुठून आली, असं एकाही श्रोत्याच्या मनात आलं नाही. सगळ्या डोळे पुसत होत्या. ‘पळोवंक जायना गे बाये,’ माझ्या शेजारची म्हणाली. बघवत नाही म्हणणाऱ्या माणसाने मुळात बघितलेलंच नसतं, हे माझं त्या दिवसापासून पक्कं मत झालंय.

तर आधी बघू या, त्या फिल्ममध्ये आहे काय.

हॉलंडमध्ये वेस्टरबोर्क नावाची छावणी होती. मुळात 1939 साली डच सरकारनेच जर्मनीतून पळून आलेल्या ज्यू निर्वासितांसाठी ती बांधली. हे लक्षात ठेवा, आसरा म्हणून बांधली होती. 1942च्या उन्हाळ्यात जर्मनांनी ती ताब्यात घेतली आणि आसऱ्याचा सापळा झाला. तिथून पूर्वेकडे गाड्या सुटायच्या. बराच काळ त्यांचा वार ठरलेला होता: मंगळवार. आपल्याकडे बाजाराचा वार ठरलेला असतो तसा. तिथून एक लाखाहून जास्त माणसं गेली. परत आली ती सुमारे पाच हजार.

छावणीचा कमांडंट होता आल्बर्ट गेमेकर. त्याला वाटलं, आपल्या छावणीची फिल्म व्हावी. इथे किती शिस्त आहे, कारखाने कसे चालतात, ते वरिष्ठांना दिसावं. त्याने कॅमेरा दिला रुडॉल्फ ब्रेसलाउअर नावाच्या कैद्याच्या हातात. तो म्युनिकचा छायाचित्रकार, स्वतः ज्यू. 1944च्या वसंतात त्याने चित्रण केलं. त्यात शेती आहे, दातांचा दवाखाना आहे, फुटबॉल आहे, कैद्यांनी केलेला नाच-गाण्याचा कार्यक्रम आहे. आणि 19 मे 1944 रोजी सुटलेली गाडी आहे.

आता नीट ऐका. त्या गाडीच्या चित्रणात कुणी कुणाला मारत नाही. रक्त नाही, किंचाळणारं तोंड नाही, बंदूक रोखलेली नाही. लोक सामान घेऊन येतात. एका आजारी बाईला हातगाडीवरून आणतात. तिच्या सुटकेसवर नाव आणि जन्मतारीख रंगवलेली आहे, आणि ती वाचूनच अभ्यासकांना पुढे गाडीची तारीख ठरवता आली. दंडावर पट्टी बांधलेले लोक मदत करताहेत, तेही कैदीच. डब्यावर आत किती माणसं आहेत त्याचा आकडा खडूने लिहिलेला आहे. कुणी आतून हात हलवतं. फलाटावर गणवेशातले अधिकारी एकमेकांशी बोलत उभे आहेत, जसे आपल्याकडे मुलीकडचे वऱ्हाड निघताना उभे असतात. मग दारं सरकतात, कड्या लागतात, गाडी हलते.

बस्स. एवढंच.

म्हणून आपल्याला मागे सारंगी लावावी लागते. नुसती मूक फिल्म पाहिली तर रडू येत नाही. काहीतरी दुसरंच होतं. पोटात गार पडतं. कारण तिथलं सगळं आपल्या ओळखीचं आहे. यादी करणं, नाव पुकारणं, सामान मोजणं, ‘चला चला, उशीर होतोय’ म्हणणं. त्या फलाटावर कुणाला राक्षस व्हावं लागलं नाही. प्रत्येकाने आपापलं काम नीट केलं, एवढं पुरलं.

गेमेकरबद्दल तर असं सांगतात की तो सभ्य होता. आरडाओरडा नाही, मारझोड नाही. युद्धानंतर कोर्टात त्याने सांगितलं, गाड्या कुठे जात होत्या आणि पुढे काय होत होतं ते मला ठाऊक नव्हतं. दहा वर्षांची शिक्षा झाली. 1951 साली सुटलासुद्धा, आणि 1982पर्यंत आपल्या गावी जगला. ब्रेसलाउअरला त्याच वर्षी शरद ऋतूत बायको-मुलांसकट पुढच्या गाडीत बसवलं होतं. बायको आणि दोन मुलगे आउशवित्झला मारले गेले, तो स्वतः 1945मध्ये गेला. एक मुलगी वाचली. मुंगीलाही त्रास न देणारा माणूस म्हणून मला हल्ली गेमेकरच आठवतो.

जी रात्र कॅमेऱ्याने पाहिली नाही ती एका बाईने लिहून ठेवली. एटी हिलेसुम तिचं नाव. गाडी सुटायच्या आदल्या रात्री बराकीत आया तान्ह्या पोरांना कसं आवरत होत्या ते तिने ऑगस्ट 1943च्या पत्रात लिहिलं. पुढच्याच महिन्यात तीही गाडीत होती. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. मैत्रिणींनो, सारंगीच्या व्हिडिओऐवजी कुणाला काही पाठवायचंच असेल तर तिची पत्रं शोधून वाचायला सांगा. इंग्रजीत मिळतात.

आता ती मुलगी.

फिल्ममध्ये ती फक्त काही सेकंद दिसते. पण पन्नास वर्षं ती साऱ्या जगात ‘अनामिक ज्यू मुलगी’ म्हणून छापली गेली. पुस्तकांची मुखपृष्ठं, माहितीपट, प्रदर्शनं. सगळे तिच्यासाठी रडले, नाव मात्र कुणी विचारलं नाही. आड वाखेनार नावाच्या एका डच पत्रकाराने विचारलं. 1994 साली त्याने शोधून काढलं: ती सेटेला स्टाइनबाख, वय नऊ. ती ज्यू नव्हतीच. ती सिंती होती. ज्यांना युरोपात जिप्सी म्हणून हिणवतात त्यांच्यातली. त्या 19 मेच्या गाडीत 245 सिंती आणि रोमा होते. डोक्याचे केस कापलेले होते म्हणून तिने ते कापड गुंडाळलं होतं. ऑगस्टच्या सुरुवातीला आउशवित्झमधला जिप्सींचा विभागच संपवण्यात आला. आई आणि भावंडांसह ती तिथेच मारली गेली.

आणि या सिंती-रोमा लोकांची भाषा आपल्याकडची आहे. हजारएक वर्षांपूर्वी हिंदुस्तानातून निघालेल्या लोकांची. त्यांच्यात नाकाला नाकच म्हणतात, कानाला कान, पाण्याला पानी, माणसाला मानुश. त्या डब्यात ती पोर तहानली असेल, तर तिने जो शब्द उच्चारला असेल तो समजायला तुम्हाला-मला दुभाषा लागला नसता.

या ओळीवर पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी येईल, म्हणून घाईने पुढचं सांगते. असं ‘पानी’ म्हणणाऱ्या, डोक्याला ओढणी गुंडाळलेल्या, नऊ वर्षांच्या मुली पेडणे तालुक्यात रोज दिसतात. हरमलला, मांद्र्याला, मोरजीच्या वाळूत. लमाण्यांच्या पोरी. मण्यांच्या माळा, आरशाचं कापड, कंबरपट्टे विकतात. पोलीस आले की माल पोटाशी धरून पळतात. आणि त्यांच्याबद्दल आपल्या हळदी-कुंकवात, आपल्या स्वाध्यायाच्या वर्गात, पोळ्या लाटताना आपण काय बोलतो? ‘चोर असतात मेल्या.’ ‘खोली देऊ नका हां, एकाला दिली की अख्खं बिऱ्हाड येतं.’ ‘भायले सगळे, एकदा यादी करून घालवायला पाहिजेत.’ हे मी ऐकलंय. ज्या तोंडांनी ‘पळोवंक जायना’ म्हटलं त्याच तोंडांतून ऐकलंय.

आमच्याच ओळखीच्या एका इमारतीत जिन्याखाली रीतसर कागद लागला होता: कोणाकोणाला भाड्याने घर द्यायचं नाही त्याची यादी. खाली ‘आदेशावरून’. त्या यादीत मांसाहारी होते, एकट्या राहणाऱ्या बायका होत्या, आणि ‘लमाणी व तत्सम’. तत्सम! शुद्धलेखन निर्दोष होतं. तो कागद लिहिणाऱ्याने आयुष्यात मुंगी मारली नसेल.

यादी ही गोष्ट हिटलरने शोधली नाही, हेही सांगायला हवं. म्युनिकच्या पोलिसांनी 1899 सालीच जिप्सींची नोंद ठेवणारं कार्यालय उघडलं होतं. 1905 साली त्या नावांचं पुस्तकच छापलं. तेव्हा हिटलर शाळकरी पोरगा होता. ते पुस्तक करणारे कुणी खुनी नव्हते, नेकीने नोकरी करणारे कारकून होते. त्याच्याही आधी, 1871 साली, इंग्रजांनी आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मानेच गुन्हेगार! पारधी, कैकाडी, कितीतरी, आणि ठिकठिकाणी बंजारे-लमाणीही त्यात ओढले गेले. पोलीस पाटलाकडे हजेरी, सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत. कायदा 1952 साली गेला. कायदा गेला, पण ‘चोर असतात मेल्या’ हे वाक्य आपल्या स्वयंपाकघरात राहिलंच की.

इथे कुणीतरी मला अडवणार. ‘म्हणजे काय, तू आपल्या लोकांना नाझी म्हणतेस?’

नाही. डिचोली म्हणजे वेस्टरबोर्क नव्हे, आणि जिन्याखालचा कागद म्हणजे आउशवित्झची गाडी नव्हे. अशी सरसकट बरोबरी मला चीड आणते, म्हणून तर सारंगीच्या व्हिडिओवर मी एवढी तुटून पडलेय. माझं म्हणणं वेगळं आहे. ती फिल्म बघताना आपण प्रत्येक वेळी डब्यात जाऊन बसतो. ‘आपणही असेच सोसलंय’ म्हणतो. फलाटावर उभं राहून बघायला आपण तयार नाही. आणि फिल्म तर सगळी फलाटावरूनच घेतलेली आहे!

डब्यात बसायची हौस तरी किती. आता कुडण्याच्या गुजिराचंच घ्या. डिचोलीतल्या त्या जिनालयाचे अवशेष, नार्व्याची पडकी बस्ती, हे आपलं खरंखुरं धन आहे. कदंबांच्या काळी या भागात जैन व्यापारी आणि मुनी होते याची ती खूण. पण तिथे सहल नेली की हटकून कुणीतरी म्हणणार, ‘बघा, आपल्यालाही असंच हाकललं.’ कुणी हाकललं, कधी, असं विचारलं की गप्प. पडकी भिंत दिसली की छळाची गोष्ट लगेच तयार. देऊळ भाविकांच्या ओढाताणीने पडतं, व्यापाराचे रस्ते बदलले म्हणून पडतं, दुर्लक्षाने पडतं. आजसुद्धा ते दुर्लक्षानेच पडतंय, आणि त्यात आपलंही दुर्लक्ष आलं.

गोव्यात छळ झाला नाही असं मी म्हणत नाही. इन्क्विझिशन 1560 साली आलं, मधला थोडा खंड सोडला तर 1812पर्यंत टिकलं. देवळं पाडली. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून नार्व्याला आणावा लागला. तिथलं देऊळ 1668 साली शिवाजी महाराजांनी बांधून घेतलं. आपला डिचोली महाल तेव्हा आसरा देणारा मुलूख होता. आणि त्या इन्क्विझिशनची पहिली झळ कुणाला लागली? पोर्तुगालातून जीव वाचवायला इथे आलेल्या, बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंना. पणजीच्या ज्या बागेत आपण मुलांना भेळ खायला नेतो ती गार्सिया द ओर्ताच्या नावाची. मोठा वैद्य, इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक गोव्यातच 1563 साली छापलं गेलं. तो 1568 साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, छुपी ज्यू म्हणून गोव्यात जिवंत जाळलं. 1580 साली त्याची हाडं कबरीतून उकरून जाळली. गोव्यातल्या धर्मच्छळाचं व्याख्यान द्यायचं तर हे सांगा ना. बाई इथलीच, आग इथलीच, हॉलंडची गाडी कशाला उसनी आणता?

कारण हे सांगितलं तर प्रश्न पडतो: कातारिनाचं नाव आत कळवलं कुणी? इन्क्विझिशन शेजाऱ्याच्या कानगोष्टींवर चालायचं. कोण शनिवारी चूल पेटवत नाही, कोण डुकराचं मांस खात नाही. दुसऱ्याच्या ताटात डोकावण्याची ती विद्या होती. कोणाच्या घरातून कसला वास येतो यावर घर द्यायचं की नाही ठरवणाऱ्या आपल्या समाजाने तरी या गोष्टीवर दोन मिनिटं थांबावं.

स्वस्तिकाबद्दल थोडक्यात. परदेशात आपल्या स्वस्तिकाला लोक हिटलरचं चिन्ह समजतात, याचा आपल्याला संताप येतो. रास्त आहे. आपण देवापुढे तांदळाचा स्वस्तिक काढतो तो चार गतींचा, त्यावर तीन ठिपके, वर सिद्धशिला. पण अमेरिकेतल्या जैनांनी आपल्या चिन्हात बदल केला तेव्हा आपल्याकडे जेवढी चर्चा झाली, त्याच्या शंभराव्या हिश्शानेही त्या चिन्हाखाली मेलेल्या माणसांबद्दल झाली नाही. आपलं चिन्ह चोरलं म्हणून आपण फिर्यादी, बस्स.

खरं म्हणजे ही फिल्म वाचायची सगळी अवजारं आपल्या घरात आहेत. जपमाळेचे मणी 108 का, हे लहानपणी पाठशाळेत शिकवलं होतं ना? संरंभ, समारंभ, आरंभ. मन, वचन, काया. स्वतः करणं, करवून घेणं, अनुमोदन देणं. आणि चार कषाय. गुणाकार करा, 108. पापाचे एवढे दरवाजे. मराठीत समारंभ म्हटलं की आपल्याला जेवणावळ आठवते. शास्त्रात समारंभ म्हणजे हिंसेच्या साधनांची जमवाजमव. वेळापत्रक, डबे, खडू, यादी. गेमेकरने काया वापरलीच नाही. ब्रेसलाउअरच्या फिल्ममध्ये दिसतो तो नुसता समारंभ आहे, आणि काठावर उभं असलेलं अनुमोदन. हाताने मारणं हा 108मधला एक छोटासा कोपरा. आपण सगळा धर्म त्या कोपऱ्यात नेऊन कोंबला: कांदा, बटाटा, पाण्याचं गाळणं, मुंगी. मी स्वतः पाणी गाळते, कंदमूळ खात नाही, आणि ते सोडणारही नाही. पण अनुमोदनाचा मणी बोटाखालून गेला तेव्हा आपण कुठे होतो?

कागदाने मारता येतं तसं वाचवताही येतं. 1940च्या जूनमध्ये बोर्दोतल्या पोर्तुगीज वकिलाने, आरिस्तिदेश द सौझा मेंदेशने, लिस्बनचा हुकूम मोडून हजारो निर्वासितांना व्हिसा दिले, त्यांत असंख्य ज्यू होते. दिवसरात्र सह्या केल्या. सालाझारने त्याला नोकरीतून काढलं. 1954 साली तो दारिद्र्यात मेला. हा सालाझार म्हणजे तोच, ज्याच्या राजवटीत त्रिस्तांव ब्रागांझ कुन्यांना पेनिशच्या किल्ल्यात हद्दपार केलं, आणि आपल्या पेडण्यात, पत्रादेवीला, 1955च्या 15 ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. हद्दपारी हा शब्द गोव्याला नवा नाही. आणि कोल्हापूरकडच्या माहेरवाशिणींनी आपल्या म्हाताऱ्यांना वळिवड्याचं विचारावं: रशियनांनी डब्यांत कोंबून हद्दपार केलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि पोरं, 1943 ते 1948 तिथल्या छावणीत राहिली. पुढे त्याच जागी सिंधी निर्वासित आले, त्याचं गांधीनगर झालं. एकाच जमिनीने दोनदा आसरा दिला. त्यांना कुणी शाकाहारी आहात का विचारलं नाही.

आपणही इथे कुठून आलो? कुणी बेळगावहून, कुणी सांगलीहून, कुणी मारवाडातून. डिचोलीच्या बाजारात तिसरी पिढी दुकान चालवते म्हणून आज आपल्याला कुणी भायले म्हणत नाही; पण गोंयकार कोण हे ठरवायला आजोबांचा जन्म कुठला ते विचारणारे विधेयकाचे मसुदे गोव्यात फिरून गेलेत. यादी करायची तर ती लमाण्यांपाशी थांबेल, हे तुम्हाला कुणी लिहून दिलंय?

माझी मागणी लहान आहे. पहिली, महिला मंडळाच्या कार्यक्रमात तो सारंगीचा तुकडा पुन्हा लावायचा नाही. लावायचीच असेल तर फिल्म मूक लावा, आधी सेटेलाचं नाव घ्या, ती कोण होती ते सांगा. दुसरी मागणी जिन्याखालच्या कागदाची. घर कुणाला द्यायचं हे म्हणे सोसायटीचे पुरुष ठरवतात. खोटं आहे. ते दुपारी चारला, चहाचं आधण ठेवताना आपण ठरवतो. पुरुष फक्त ‘आदेशावरून’ लिहितात. तो कागद कुठल्या इमारतीत लागलेला असेल तिथे, आपल्यापैकी जी कुणी राहत असेल तिने तो काढावा. चार टाचण्या असतात. नखानेसुद्धा निघतात.